बिब्बा आणि विटेची पूड

जुन्या चादरीच्या किंवा धोतराच्या कोपऱ्यात एक बारीकशी काळी खूण असायची. दोन टिंबं, एखादी फुली, कधी एखादं अक्षर. कुणाचं कापड कोणतं हे ओळखण्यासाठी परीट ती खूण बिब्ब्यानं करी. फळाला टोचा मारायचा, निघालेला रस कापडावर टेकवायचा, वरून चुन्याचं पाणी लावायचं. पुढे ते कापड भट्टीत उकळू दे, सोड्यात बुडू दे, दगडावर आपटू दे. कापड विरून जायचं, पण खूण जागची हलायची नाही.

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांना एक चमत्कारिक विकार होऊ लागला. मानेच्या मागे, कमरेवर, नेमक्या ठरावीक जागी खाज, पुरळ, पाण्यानं भरलेले फोड. चावा नाही, जखम नाही, ताप नाही. मग लष्करी डॉक्टरांच्या लक्षात आलं की ही जागा परटाच्या खुणेची आहे. 1943 साली अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात या विकाराचं वर्णन छापून आलं. धुवून, उकळून, वाळवून झाल्यावरही कापडाला चिकटलेला तो रस माणसाची कातडी ओळखत होता!

आणि आता याच फळाची दुसरी बाजू पाहा. थंडीत आपण डिंकाच्या लाडवांत जी गोडंबी घालतो ती याच बिब्ब्याच्या पोटातली. कातडी भाजणाऱ्या टरफलाच्या आत, अगदी काही मिलिमीटरवर, बाळंतिणीला खाऊ घालण्याइतकी सौम्य बी. हे कसं जमतं? मुळात त्या टरफलातल्या आगीला हात घालायची, तिचं औषध करायची हिंमत माणसाला कशी झाली, आणि हात न भाजता ते करण्याची रीत त्यानं कशी शोधली?

आधी फळ नीट पाहू. बिब्ब्याचं झाड पानझडी जंगलातलं. फळाचे दोन भाग असतात. वर देठाकडे केशरी, मांसल बोंड आणि त्याच्या टोकाला चकचकीत काळं, हृदयाच्या आकाराचं कठीण फळ. ही रचना कुठे पाहिल्यासारखी वाटते ना? काजू! बोंड वर, बी खाली. दोघे एकाच कुळातले. आंबा, चारोळी, पिस्ता हेही त्याच घरातले, आणि अमेरिकेतल्या परसांतून उगवणारी ती कुप्रसिद्ध पॉयझन आयव्हीही त्याच घरातली. म्हणून लहानपणी बिब्बा उतलेल्या माणसाला अमेरिकेत मुलाकडे गेल्यावर बागेत काम करताना त्या वेलीनं गाठलं, तर त्यात नवल नाही. त्याच्या शरीराची या कुळाशी ओळख जुनी असते. कोकणात आंब्याचा देठ मोडताना उडणारा चीक ओठाला लागला की जी आग होते, तीही या घराण्याचीच देणगी.

बिब्ब्याचं तेल टरफलाच्या जाडीत, बारीक पोकळ्यांमध्ये साठलेलं असतं. बाहेरून फळ कोरडं, गुळगुळीत. दात मारला किंवा अडकित्त्यात धरलं की मात्र काळपट, मधासारखा दाट रस बाहेर येतो. झाडाच्या दृष्टीनं हिशेब सरळ आहे: बोंड खा, बी सोड. गोड बोंडाच्या लोभानं येणाऱ्यानं बिया दूर न्याव्यात, पण फोडू नयेत.

आता रसाच्या आत शिरू. त्यातल्या मुख्य रेणूंना भिलावनॉल म्हणतात. कार्बनचं एक षटकोनी कडं, त्यावर शेजारी शेजारी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या दोन जोड्या आणि मागे पंधरा कार्बनांची लांबलचक शेपटी. एवढंच. पण ही बांधणी किती नेमकी आहे! शेपटी तेलकट असल्यामुळे कातडीच्या स्निग्ध थरात सहज उतरते. आत गेल्यावर कड्यावरच्या त्या दोन जोड्या ऑक्सिजनशी खेळतात, रेणू चिडका होतो आणि कातडीतल्या प्रथिनांना कायमचा चिकटतो.

इथे खरी गंमत सुरू होते. भिलावनॉल इतका लहान असतो की एकटा फिरत असता तर शरीराच्या पहारेकऱ्यांनी त्याच्याकडे लक्षही दिलं नसतं. पण तो आपल्याच प्रथिनांना चिकटतो आणि ती प्रथिनं परकी दिसू लागतात. घरच्याच माणसानं चोराचा सदरा घालून अंधारात यावं आणि घरच्यांनीच त्याला बडवावं, तसं काहीसं. कातडीतल्या पहारेकरी पेशी हा ‘परका’ उचलून लसिका ग्रंथींपर्यंत नेतात, तिथे टी-पेशींची एक तुकडी त्याच्याविरुद्ध तयार होते. या तयारीला आठ-पंधरा दिवस लागतात. म्हणून पुष्कळांना पहिल्या स्पर्शानं काहीच होत नाही. ‘मला नाही हो बिब्बा बाधत’ असं ते सांगत फिरतात. दुसऱ्या वेळी मात्र तुकडी सज्ज असते आणि दिवसा-दोन दिवसांत कातडी पेटून उठते. आपण ज्याला बिब्बा उतणं म्हणतो ते हेच. ती आग बिब्बा लावत नाही, आपलंच शरीर लावतं.

यातून निघणारी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. त्या फोडांतलं पाणी आपल्याच शरीराचं असतं, त्यात बिब्ब्याचं तेल नसतं. ते पाणी लागून दुसऱ्याला काही होत नाही. पसरतं ते नखांत राहिलेलं, अडकित्त्याला लागलेलं, कपड्यावर पुसलेलं तेल. म्हणून रस लागल्याबरोबर, मिनिटांच्या आत, साबण आणि भरपूर पाण्यानं धुणं याला तोड नाही. एकदा तो रेणू प्रथिनाला चिकटला की कितीही धुतलं तरी सुटत नाही.

हाच स्वभाव जपानमध्ये सौंदर्याच्या कामी आला आहे. तिथल्या लाखेच्या काळ्याभोर, आरशासारख्या चकचकीत वाट्या पाहिल्या असतील. ती लाख म्हणजे बिब्ब्याच्याच कुळातल्या एका झाडाचा चीक, आणि त्यातला रेणू आपल्या भिलावनॉलचा सख्खा भाऊ शोभेल असा. तिथेही कड्यावर त्याच दोन जोड्या, मागे तशीच शेपटी. चिकात एक एन्झाइम असतं. 1883 साली हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं ते ओळखलं. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते या रेणूंना एकमेकांत असं गुंतवतं की पाण्यानं सुटू नये असा कठीण पापुद्रा बनतो. गंमत म्हणजे हा रंग वाळण्यासाठी कोरडी हवा चालत नाही, दमट हवा लागते! परटाची खूण का जात नव्हती, याचं उत्तरही याच गुंत्यात आहे. कातडीला चिकटणं, कापडाला चिकटणं आणि वाटीवर आरसा होणं, हे एकाच खोडीचे तीन आविष्कार.

आता वैद्याकडे येऊ. त्याच्या हातात हे काळं फळ आहे. संधिवात, मूळव्याध, कातडीचे जुनाट विकार अशा दुखण्यांवर ते वापरायचं त्याच्या परंपरेत सांगितलं आहे. पण आधी तेल कमी करायचं. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? पाण्यात भिजवलं असतं, उकळलं असतं. आणि सपशेल फसलो असतो, कारण तेल पाण्यात उतरत नाही. उकळलेल्या पाण्याच्या वाफेनं उलट चेहराच सुजला असता.

वैद्यानं वीट उचलली.

साधी, भाजलेली, लाल वीट. तिची पूड केली. पाण्यात बुडणारी, म्हणजे भरलेली, फळं निवडून त्यांची डेखं काढली, तुकडे केले आणि पुडीबरोबर जाड कापडाच्या पिशवीत घालून रगडले. भाजलेली माती अंगभर सूक्ष्म छिद्रांची असते. पूड केली की तो छिद्रांचा पसारा कैक पटींनी उघडा पडतो. तेल आपोआप त्या छिद्रांत ओढलं जातं. पूड ओलसर, काळपट झाली की तिचं काम संपलं, ती टाकायची, नवी घ्यायची. पूड कोरडी राहू लागली की समजायचं, निघण्यासारखं तेल निघालं. शेवटी गरम पाण्यानं धुऊन काढायचं. प्रयोगशाळेत रसायनं वेगळी करण्यासाठी आज सच्छिद्र मातीची आणि सिलिकाची पूड वापरतात. त्यामागचं तत्त्व आणि या पिशवीतलं तत्त्व एकच. मला तर ही रीत पहिल्यांदा समजली तेव्हा त्या अनाम माणसाला शोधून नमस्कार करावासा वाटला. तेल पाण्याला दाद देत नाही पण मातीला देतं, हे त्यानं किती हात भाजून घेऊन ओळखलं असेल!

सगळं तेल जात नाही, आणि जायलाही नको असतं. औषधाचा गुणही त्याच रेणूंत आहे असं वैद्य मानतो. त्याला हवं असतं ते माप. चरकसंहितेतली बिब्ब्याची रीत वाचली की ही मापाची जाणीव थक्क करते. ज्येष्ठ-आषाढात गोळा केलेली निर्दोष फळं जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने ठेवायची. वापर सुरू करायचा तो मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे ऐन थंडीत. काढा दुधाबरोबर घ्यायचा आणि घेण्यापूर्वी तोंडाला आतून तूप लावायचं. रोज एकेक फळ वाढवायचं, ठरावीक संख्येपर्यंत जायचं आणि तसंच एकेक कमी करत उतरायचं. तुपाचा तो हात पाहा! तोंडाची नाजूक आतली कातडी आणि तो तेलकट रेणू यांच्यामध्ये आणखी एक स्निग्ध थर घातला आहे. रेणू शब्द कुणाला ठाऊक नव्हता, पण तो कुठे आणि कसा लागेल याचा अंदाज मात्र पक्का होता.

बिब्ब्याच्या बाबतीत विष काढून घेतलं. पण विषाशी व्यवहार करण्याची ही एकच तऱ्हा नाही. आयुर्वेदात या साऱ्याला शोधन असं एकच नाव आहे, पण त्या एका नावाखाली निरनिराळं रसायनशास्त्र दडलं आहे.

वचनाग घ्या. हिमालयातली ही वनस्पती, निळी-जांभळी फुलं, जमिनीखाली गाजरासारखी काळसर मुळी. तिच्यातलं ॲकोनिटिन हे वनस्पतीविषांतल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. आपल्या मज्जातंतूंच्या आणि हृदयाच्या पेशींवर सोडियमसाठी सूक्ष्म दारं असतात. ती क्षणभर उघडतात, मिटतात आणि त्यातूनच ठोका पडतो, संदेश जातो. ॲकोनिटिन ती दारं मिटूच देत नाही. आधी जीभ आणि ओठ मुंग्या येऊन बधिर होतात, मग हातपाय, मग हृदयाची लय कोलमडते. यावर नेमका उतारा नाही.

आणि तरीही तापात घरोघरी घेतल्या जाणाऱ्या त्रिभुवनकीर्ती रसात वचनाग असतो. मग माणसं दगावत का नाहीत? ॲकोनिटिनच्या रेणूला दोन बाजूंना दोन फांद्या जोडलेल्या असतात. त्यांच्या जोरावरच ते त्या सोडियमच्या दाराला घट्ट पकडतं. मुळी द्रवात पुष्कळ वेळ उकळत राहिली की पाणी या फांद्या एकेक करून तोडतं. पहिली तुटली की विषाचा जोर शेकडो पटींनी उतरतो, दुसरी तुटली की आणखी उतरतो. वैद्य वचनागाचे तुकडे गोमूत्रात दिवसचे दिवस भिजवतात, रोज द्रव बदलतात आणि मग गाईच्या दुधात शिजवतात. ज्यात शिजवलं ते टाकून देतात. काही विष द्रवात उतरून जातं आणि उरलेल्याच्या फांद्या उष्णता आणि पाणी मिळून छाटतात. इथे विष नुसतं काढलेलं नाही, रेणू बदलला आहे. चीनमधल्या वैद्यांनीही वचनागाच्या भावंडांवर भिजवण्याचा आणि दीर्घकाळ शिजवण्याचाच मार्ग शोधला.

शिजवण्याचं उपकरणही पाहण्याजोगं आहे. भांड्यावर आडवी काठी, काठीला टांगलेली पुरचुंडी, पुरचुंडी द्रवात बुडालेली पण तळाला न टेकलेली. याला दोलायंत्र म्हणतात. दिसायला किती साधं! पण भांड्यात द्रव आहे तोवर पुरचुंडीचं तापमान उकळबिंदूच्या पलीकडे जाऊच शकत नाही, आणि ती टेकलेली नसल्यामुळे करपत नाही. तापमापक नसताना तासन् तास एकच उष्णता राखायची ही युक्ती आहे. त्याहून वरचढ मला तरी सुचत नाही.

गुंजेची गोष्ट आणखी वेगळी. लाल अंगावर काळा ठिपका, सोनाराच्या तराजूतली ती गुंज. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. तिच्या पोटात ॲब्रिन नावाचं प्रथिन असतं. ते पेशीत शिरतं आणि प्रथिनं घडवणारे कारखानेच बंद पाडतं. एकच रेणू हजारो कारखान्यांना पुरतो. पण त्याच वेलीचा पाला आपण विड्यात घालतो, कारण त्याच्या पानांत साखरेहून कैक पट गोड द्रव्यं आहेत! एका वेलीवर, एका देठाच्या अंतरावर, विड्याची गोडी आणि प्राणघातक बी.

तरी ॲब्रिनचा एक कच्चा दुवा आहे. ते प्रथिन आहे, आणि प्रथिनाची ताकद त्याच्या घडीत असते. उकळलं की घडी विस्कटते आणि थंड झाल्यावर पुन्हा तशी बसत नाही. म्हणून गुंजेचं शोधन म्हणजे दोलायंत्रात कांजीमध्ये किंवा दुधात शिजवणं. एरंडाच्या बीत ॲब्रिनचंच भावंड असतं. तरी एरंडेल पिऊन पिढ्या सुखरूप राहिल्या, कारण ते विष तेलात उतरत नाही आणि उष्णतेपुढे टिकत नाही.

मातीत शोषून घेणं, पाण्यानं फांदी तोडणं, उष्णतेनं घडी विस्कटणं. आता विचार करा, यांची अदलाबदल केली तर? गुंजेला विटेच्या पुडीत रगडलं तर विष जिथल्या तिथे राहील. बिब्ब्याला नुसतं उकळलं तर तेल तसंच राहील आणि वाफ डोळ्यांत जाईल. ‘सगळं उकळून घेतलं की चालतं’ किंवा ‘झाडपाल्यानं काय होतंय’ हे मोबाइलवर फिरणारे सल्ले मला म्हणूनच भयंकर वाटतात. त्यांत वनस्पतीचं नाव तेवढं असतं. शेकडो वर्षं जपलेली कृती, तिचा वेळ, तिचं माप गळून पडलेलं असतं. वचनाग, गुंज आणि बिब्बा यांचं शोधन घरच्या गॅसवर करायचं काम नाही. वचनाग किती वेळ शिजला म्हणजे पुरेसा, हे डोळ्यांना दिसत नाही. चूक झाली तर ती सांगायला माणूस उरत नाही.

घरात करण्याजोगं जे आहे ते मात्र नीट करावं. गोडंबी सोललेली, पांढरी पाहून घ्यावी. काळं टरफल चिकटलेला किंवा काळपट तेल लागलेला दाणा सरळ फेकावा. विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात काळे पडतात, भाजतात. आपल्या लाडवातला तो स्वच्छ दाणा त्यांच्या कातडीच्या मोलानं आलेला असतो. त्यांच्यापर्यंत चांगले हातमोजे पोचायला हवेत असं मला मनापासून वाटतं. दारावर लिंबू-मिरचीबरोबर टांगलेला बिब्बा पोरांच्या हाती लागू देऊ नये आणि काढल्यावर जाळू नये, कारण त्याचा धूरही डोळ्यांना आणि छातीला बाधतो. गुंजेची माळ मुलांच्या गळ्यात घालू नये. अखंड गुंज चुकून गिळली तर तिच्या कठीण कवचामुळे बरेचदा तशीच बाहेर पडते, पण माळेसाठी भोक पाडलेल्या गुंजेला ते संरक्षण उरलेलं नसतं. बिब्बा उतला तर धुऊन झाल्यावर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. चेहरा सुजला, डोळे मिटले, लघवी कमी झाली, तर खोबरेल तेलावर विसंबून न राहता डॉक्टर गाठावा.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 याच्या आधारे केलेल्या नियमांना ‘ई-1’ नावाची एक अनुसूची जोडलेली आहे. आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची ती यादी. बिब्बा, वचनाग आणि गुंज तिघेही तिच्यात आहेत, धोतरा, कण्हेर, कुचला, रुई यांच्या शेजारी. या यादीतलं द्रव्य असलेल्या औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ ही सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापणं बंधनकारक आहे. घरात त्रिभुवनकीर्तीची डबी असेल तर उलटी करून पाहा, ती ओळ सापडेल. डबीवर उत्पादक परवान्याचा क्रमांक नसेल, किंवा कुणी पुडीत बांधून दिलेलं असेल, तर ते घेऊ नका. आणि असं काही घेतल्यावर जिभेला मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, छातीत धडधडू लागलं, तर दूध पाजत, ओकारी काढत वेळ घालवू नका. ती डबी किंवा पुडी बरोबर घेऊन थेट हृदयाचा आलेख काढता येईल अशा मोठ्या रुग्णालयात जा.